ओकीचोबी, १९२८: किनाऱ्यावर २६, सरोवराकाठी अडीच हजार

१६ सप्टेंबर १९२८, रविवार. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वेस्ट पाम बीचजवळ एक चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकलं. केंद्रातला दाब ९२९ हेक्टोपास्कल आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर. आजच्या पाच श्रेणींच्या मोजपट्टीनुसार ही चौथी श्रेणी. वारा किनाऱ्यावरच सर्वांत जोरात होता. शहरातली शेकडो घरं उडाली, पण किनारपट्टीवर मेलेल्यांचा आकडा २६ वर थांबला. तिथून पश्चिमेला जेमतेम ४० मैलांवर, समुद्रापासून लांब, ओकीचोबी सरोवराच्या दक्षिण काठावर त्याच रात्री किमान २,५०० माणसं बुडून मेली. काउंटी (म्हणजे जिल्हा) एक, वादळ एक, आणि सरोवरापर्यंत पोचेतो त्याचा जोर थोडा उतरलेलाच होता. तरी मृत्यूंमध्ये शंभरपटीचा फरक पडला. तो का, एवढाच या प्रकरणाचा विषय.

वादळाची माहिती आधीपासून होती. १० सप्टेंबरला ‘कोमॅक’ या जहाजाने बार्बाडोसच्या पूर्वेला भर अटलांटिकमधून बिनतारी संदेशाने त्याची खबर दिली. इतक्या पूर्वेकडून बिनतारी यंत्राने वादळाची वर्दी मिळण्याची ती तोवरची पहिलीच वेळ. १२ तारखेला ग्वादलूप बेटावर सुमारे १,२०० बळी गेले. १३ तारखेला ते पोर्तो रिकोवर पाचव्या श्रेणीत आदळलं आणि तिथे अधिकृत आकड्याप्रमाणे ३१२ मेले. तो संत फिलिपचा सण होता आणि १८७६ सालीही नेमक्या याच दिवशी वादळ आलं होतं, म्हणून पोर्तो रिकोत याला ‘सान फेलिपे दुसरं’ म्हणतात. म्हणजे फ्लोरिडाला तीन दिवस आधी ठाऊक होतं की हे वादळ माणसं मारत येतंय. ते फ्लोरिडाला लागणार की बाहेरून वळणार, हे मात्र ठरत नव्हतं. उपग्रह नव्हते, विमानांची टेहळणी नव्हती. सगळी भिस्त जहाजांच्या आणि बेटांवरच्या नोंदींवर होती.

सरोवर

ओकीचोबीचं क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर. या प्रकरणातलं निम्मं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. परातीत बोटभर पाणी घेऊन एका बाजूने फुंकर मारली तर पाणी समोरच्या काठाशी जमतं. ओकीचोबीत वारा तेच करतो.

याचा कागदावर हिशोब मांडता येतो. वारा पाण्याला पृष्ठभागावर ओढतो आणि पाणी वाऱ्याच्या दिशेला चढत जातं. चढलेलं पाणी मागे येऊ पाहतं, आणि हा मागे येण्याचा जोर वाऱ्याच्या ओढीइतका झाला की पृष्ठभाग तेवढा तिरका राहतो. खोल तळ्यात खालचं पाणी उलट दिशेने परत वाहतं आणि थोड्याशा उतारावर तोल साधतो. उथळ तळ्यात मोठा उतार लागतो. ताशी १०८ किलोमीटरचा स्थिर वारा, ३ मीटर खोली आणि ५० किलोमीटर लांबी धरली, तर दर किलोमीटरला सुमारे ७ सेंटिमीटर उतार मिळतो. दोन काठांमधला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. त्याचा अर्धा भाग एका बाजूला चढ म्हणून दिसतो, म्हणजे सुमारे ६ फूट, आणि अर्धा समोरच्या बाजूला घट म्हणून. वाऱ्याचा परिणाम वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग फक्त २० टक्क्यांनी वाढला की ६ फुटांचे जवळपास ९ फूट होतात. तेच सरोवर ३० मीटर खोल असतं तर हा चढ सात-आठ इंचांत आटोपला असता. वर लाटा येतात त्या वेगळ्या. हा हिशोब ढोबळ आहे: वारा सगळीकडे सारखा नसतो, दिशाही बदलत राहते. तरी त्या रात्री दक्षिण काठाला जो ६ ते ९ फुटांचा फुगवटा आल्याचं सांगतात, त्याच्याशी तो जुळतो.

दुसरी गोष्ट पातळीची. उत्तरेकडून किसिमी नदी या सरोवरात पाणी आणते. मूळ स्थितीत त्याला बाहेर जायला नदी अशी नव्हतीच. पाणी वाढलं की दक्षिण काठावरून सांडायचं आणि एव्हरग्लेड्सच्या गवताळ दलदलीतून पातळ थराने समुद्राकडे सरकत जायचं. जमिनीचा उतार मैलाला दोन-तीन इंच, त्यामुळे या प्रवाहाला घाई नव्हती. १९२८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस धो धो पडला आणि वादळाआधीच्या महिनाभरात पातळी सुमारे ३ फुटांनी चढली. एवढ्या पसाऱ्यावर एक फूट पाणी म्हणजे सुमारे २० टीएमसी. तीन फूट म्हणजे ६० टीएमसी, कोयनेच्या १०५ टीएमसी क्षमतेच्या निम्म्याहून जास्त. ते बाहेर काढायला जे कालवे होते ते इतक्या पाण्याला पुरणारे नव्हते, आणि त्यांतले बरेच गाळाने व पाणवनस्पतींनी तुंबलेले होते. म्हणजे वादळ आलं तेव्हा सरोवर आधीच भरलेलं होतं.

बांध

दक्षिण काठावर मुळात पॉन्ड ॲपलचं दाट जंगल होतं. हे झाड आपल्या सीताफळ-रामफळाच्याच ॲनोना वंशातलं, पण वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभं राहणारं. त्याच्या मुळांखाली शतकानुशतकं कुजलेल्या पानापाचोळ्याची काळी, स्पंजासारखी माती साचली होती. तिथे तिला ‘मक’ म्हणतात. ही माती पिकाला सोन्यासारखी. १८८० च्या दशकात हॅमिल्टन डिस्टन या उद्योजकाने सरोवर पश्चिमेला कालूसाहॅची नदीला जोडलं. १९०५ नंतर गव्हर्नर नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड यांच्या काळात राज्याने दलदल आटवायचा घाट घातला, आणि पुढे मायामी, नॉर्थ न्यू रिव्हर, हिल्सबरो, वेस्ट पाम बीच हे कालवे खोदले गेले. जंगल तोडून घेवडा, टोमॅटो, ऊस लावला. बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे, चोझन, कॅनाल पॉइंट, मूर हेवन अशी गावं काठाला लागून वसली. सरोवर सांडायचं ते नेमकं याच ठिकाणी.

पावसाळ्यातलं सांडणं अडवायला १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण काठाने बांध घातला गेला. उंची जमिनीपासून ५ ते ९ फूट. साहित्य म्हणजे शेजारच्या चरातून उचललेली मक आणि वाळू. ना चिकणमातीचा गाभा, ना दगडी पिचिंग, ना पायाखाली खंदक. मक वाळली की आकसते आणि भेगाळते. सुकलेली मक वजनाला इतकी हलकी की पाण्याचा दाब आल्यावर जागेवर बसून राहायला तिच्याजवळ वजनच नसतं. वारा लागला तर उडते, आग लागली तर आतल्या आत जळत राहते. अशा मातीचा बांध दरवर्षी खचतो, आणि ज्या जमिनीचं तो रक्षण करतो तीही खचते.

या बांधाची कल्पना करणाऱ्यांनी चक्रीवादळाचा विचारच केला नव्हता. तो पावसाळी भरतीसाठी होता, आणि त्या कामापुरता ठीक होता. घोटाळा झाला तो पुढे. बांध आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं गृहीत धरून लोक बांधाच्या अगदी पायथ्याशी राहायला आले. कधीमधी गुडघाभर पाणी शिरणाऱ्या गावात लोक घरं उंचावर बांधतात, होडी बाळगतात. बांध घातला की ती सवय मोडते. जे पाणी थोडं थोडं वर्षभर यायचं ते यायचं थांबतं, आणि जे येतं ते एकदम, माणसाच्या डोक्यावरून येतं.

आणि हे आधी घडून गेलं होतं. १८ सप्टेंबर १९२६ च्या मायामी वादळात मूर हेवनचा बांध फुटला आणि शंभराहून अधिक माणसं बुडाली. कारण तेच: भरलेलं सरोवर, उथळ पाणी, काठावर वारा. त्यानंतर उंच बांधाची मागणी झाली, वादावादी झाली. सरोवराची पातळी किती ठेवायची यावरही एकमत नव्हतं, कारण कुणाला बोटी चालवायला पाणी हवं होतं, कुणाला सिंचनाला, कुणाला ते घरात शिरू नये एवढंच हवं होतं. फ्लोरिडातला जमिनींचा फुगा त्याच वर्षी फुटला होता, राज्याकडे पैसा नव्हता, रोखे काढण्याच्या योजना कोर्टकचेरीत अडकल्या. दोन वर्षांत नवा बांध झाला नाही. या प्रकरणात निसर्गाला जबाबदार धरण्याआधी ही दोन वर्षं नीट पाहावी लागतात.

रविवारचा दिवस

किनाऱ्यावर इशारा पोचला, लोकांना सावरायला वेळ मिळाला, पक्क्या इमारती होत्या, उंच जमीन होती. सरोवराकाठीही इशारा पोचला नव्हता असं नाही. रविवारी सकाळी माणसं दारोदार फिरली आणि सखल भागातल्यांना उंचावर हलायला सांगितलं. बरेच जण हललेही. पण वादळ सांगितलेल्या वेळी आलं नाही. दुपार गेली, आभाळ अंधारलं तरी वारा हवा तसा सुटेना. बेत चुकला, वादळ बाहेरून वळलं असेल असं समजून कितीतरी कुटुंबं घरी परतली. त्यांतली पुष्कळ त्या रात्री घरातच गेली.

इशारा देणाऱ्यांसाठी या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट ही. वादळ नक्की किती वाजता येईल हे सांगणं तेव्हा शक्य नव्हतं, आजही काही तासांच्या फरकाने सांगता येतं. लोकांना मात्र वेळ लक्षात राहते. ‘धोका टळला’ हा निर्णय कोण देणार, हे इशाऱ्यातच सांगितलेलं नसेल तर तो प्रत्येक घर आपापल्या परीने घेतं, आणि तो जवळपास नेहमी घाईने घेतला जातो.

बाहेर पडायला रस्ते तरी किती? पूर्वेला वेस्ट पाम बीचकडे जाणारा कालव्याकाठचा रस्ता होता, पण त्या दिशेने जाणं म्हणजे सरळ वादळाच्या तोंडात शिरणं. उत्तरेकडचा रस्ता सरोवराच्या काठानेच जात होता. उंच जमीन म्हणावी तर पहोकीजवळचा काठाचा कणा, कालव्यांचे काठ आणि खुद्द तो बांध. मोटारगाड्या थोड्या जणांकडे होत्या. शेतमजुरांकडे, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि कितीतरी बहामा बेटांवरून आलेले, त्यांच्याकडे तर मुळीच नव्हत्या. शरदातल्या लावणीच्या कामाला माणसं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती आणि शेतात फळकुटांच्या खोपट्यांत राहत होती. त्यांच्यापर्यंत सांगावा पोचवायला टेलिफोन नव्हता, आणि पोचला तरी जायचं कुठे हा प्रश्न होता.

रात्र

फ्लोरिडात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. केंद्र आग्नेयेकडून जवळ येत असताना सरोवरावर वारा उत्तरेकडून वाहतो. संध्याकाळनंतर तो तसाच सुटला आणि सगळं पाणी दक्षिणेला लोटू लागला. उत्तर काठापासून पाणी मागे सरत होतं आणि दक्षिण काठाला चढत होतं. आठ-नऊच्या सुमारास ते बांधावरून सांडू लागलं.

मातीचा बांध वरून पाणी गेल्यावर कसा फुटतो हे धरणावर काम करणाऱ्याला सांगायला नको. पाणी पलीकडच्या उतारावरून जोरात खाली येतं आणि पायथ्याची माती खरवडतं. ही झीज खालून वर उतार पोखरत माथ्यापर्यंत येते, माथा अरुंद होतो आणि एका ठिकाणी खाच पडते. त्या खाचेतून आणखी पाणी धावतं आणि खाच दोन्ही बाजूंना रुंदावत जाते. चांगल्या मातीच्या बांधाला यासाठी तास-दोन तास लागू शकतात. मक आणि वाळूच्या बांधाला तेवढा वेळ लागला नाही, आणि तो एका जागी नव्हे तर लांबच लांब पट्ट्यांत वाहून गेला. मागचं पाणी मर्यादित नव्हतं; जोवर वारा ढकलत होता तोवर सरोवर त्या भगदाडांतून ओतत राहिलं.

बेल ग्लेड आणि साउथ बेमध्ये पाणी काही मिनिटांत गुडघ्यावरून छातीपर्यंत आणि तासाभरात डोक्यावर गेलं. घरं लाकडी होती, ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली, पायाशी बांधलेली नव्हती. त्यामुळे ती बुडण्याआधी तरंगली. तरंगती घरं वाऱ्याने एकमेकांवर आणि कालव्याच्या काठावर आदळून फुटली. माणसं माळ्यावर चढली, मग छत फोडून वर आली, मग छतही वाहिलं. जे झाडांना धरून राहिले त्यांना तिथे विषारी पाणसापांची सोबत होती, कारण सापही त्याच झाडांवर चढले होते. चोझन हे गाव जवळपास पुसलं गेलं.

वाचले ते कुठे वाचले, हे पाहणं बोधप्रद आहे. गावातल्या मोजक्या मजबूत, दुमजली हॉटेल इमारतींत; कालव्यात नांगरून ठेवलेल्या बार्जेसवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींवर; आणि पहोकीच्या उंच कण्यावर. मजबुती, तरंगणं आणि उंची, यांपैकी एक तरी लागत होतं. नुसत्या पक्क्या वाटणाऱ्या तळमजल्याचा उपयोग नव्हता. बार्जेसची सोय कुणी आपत्तीसाठी केली नव्हती, त्या कामासाठी तिथे होत्या. पण वारा सुटायच्या आत ज्यांना त्यांच्यावर चढवलं गेलं ते जगले.

वादळाचं केंद्र पुढे सरकल्यावर वारा उलटला. आता तो दक्षिणेकडून वाहू लागला आणि पाणी उत्तरेला लोटलं गेलं. ओकीचोबी शहराच्या बाजूला पूर आला. तिथलं नुकसान कमी, पण तिथेही माणसं गेली. दक्षिणेला बांधाच्या आत शिरलेलं पाणी मात्र सरोवराबरोबर परत गेलं नाही. बांधाचे उरलेले तुकडे आता त्याला आत अडवत होते, जमीन सखल, उतार नगण्य, कालवे मोडतोडीने भरलेले. शेकडो चौरस मैलांवर पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं.

मृतांचा हिशोब

पुढचे दिवस सप्टेंबरातल्या उकाड्याचे. गव्हर्नर जॉन मार्टिन यांनी पहोकी ते बेल ग्लेड या सहा मैलांच्या रस्त्यावर स्वतः २७ प्रेतं मोजली, आणि त्याशिवाय न पुरलेली शंभरावर. प्रेतं होड्यांमागे दोरीला ओळीने बांधून ओढत आणली जात होती. ती कालव्यांत, ऊसात आणि मैलोन्‌मैल आत पसरलेल्या सॉग्रासच्या धारदार गवतात अडकली होती. या कामाला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपलं गेलं, आणि त्यांच्यापैकी एकाला पहारेकऱ्याने गोळी घालून मारलं.

लाकडी पेट्या अपुऱ्या होत्या. त्या गोऱ्यांसाठी राखल्या गेल्या. वेस्ट पाम बीचला ६९ गोऱ्या मृतांना वुडलॉन दफनभूमीत पुरलं, तर ६७४ कृष्णवर्णीयांना टॅमरिंड ॲव्हेन्यूजवळ, जिथे बेवारस गरिबांना पुरायचे, त्या जागेत एका खड्ड्यात. पोर्ट मायाका इथल्या सामूहिक कबरीत सुमारे १,६०० जण आहेत. त्यानंतरही सापडत राहिलेली प्रेतं पुरण्यासारखी राहिली नव्हती. ती जागच्या जागी, ओल्या लाकडांवर तेल ओतून, ढिगाने जाळली. वुडलॉनला स्मारकशिला लवकरच बसली. टॅमरिंडच्या जागेवर खूण नव्हती. ती जमीन विकली गेली, तिच्या एका भागावरून रस्ता नेला गेला. शहराने ती २००० साली परत विकत घेतली, २००२ मध्ये तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली आणि ७५ वर्षांनी, २००३ मध्ये, तिथे फलक लागला.

रेडक्रॉसने तेव्हा १,८३६ हा आकडा दिला होता आणि तो पाऊणशे वर्षं छापला जात होता. २००३ मध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने तो बदलून ‘किमान २,५००’ केला. तो तेव्हा कमी का आला, हे उघड आहे. हंगामी मजुरांची कुठेही नोंद नव्हती. मुकादमाला ते टोपणनावाने माहीत. नातेवाईक दुसऱ्या बेटावर, आणि कुटुंब अख्खं गेलं तर बेपत्ता म्हणून कळवायलाही कुणी उरत नाही. सरणावर मोजणी होत नाही. शेतं नांगरताना पुढे वर्षानुवर्षं हाडं निघत राहिली. मृतांमध्ये सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय मजूर असल्याचं मानलं जातं. ‘किमान’ हा शब्द म्हणून आकड्याइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडेही ऊसतोड टोळ्यांच्या कोपींवर रात्री पाणी आलं तर पहाटे यादी कोणाकडे असेल, हा प्रश्न विचारून पाहावा.

नंतरचा बांध

राज्याने १९२९ मध्ये ओकीचोबी पूरनियंत्रण जिल्हा स्थापला. नवनिर्वाचित अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी त्याच वर्षी भाग पाहिला. ते स्वतः अभियंता. १९३० च्या नदी-बंदर कायद्याने संघराज्याचा पैसा मिळाला, कारण पूरनियंत्रण आणि जलवाहतूक ही दोन कामं एकत्र दाखवता आली. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने १९३० ते १९३७ या काळात दक्षिण काठाला सुमारे ६८ मैल आणि उत्तरेला सुमारे १६ मैल बांध घातला. यावेळी मक नव्हे, तर सरोवराच्या तळातून काढलेली वाळू, शिंपले, चुनखडी आणि खडी. माथा समुद्रसपाटीपासून ३० फुटांच्या वर. १९४७ च्या पुरांनंतर १९४८ ची मध्य व दक्षिण फ्लोरिडा योजना आली, आणि १९६० च्या दशकापर्यंत फिशईटिंग क्रीकच्या तोंडाशी थोडी जागा सोडून सगळ्या सरोवराभोवती १४३ मैलांचा बांध उभा राहिला. तोच आजचा हर्बर्ट हूव्हर डाइक.

त्याची परीक्षा योजना पुरी होण्याआधीच झाली. २६ ऑगस्ट १९४९ रोजी चौथ्या श्रेणीचं वादळ पाम बीच भागातच किनाऱ्यावर आलं आणि जवळपास १९२८ च्याच वाटेने सरोवरावरून गेलं. बांध टिकला. अख्ख्या फ्लोरिडात दोन मृत्यू झाले. वाऱ्याने सरोवर किती तिरकं होतं हे लष्करी अभियंत्यांनी त्या काळात उपकरणांनी मोजलं, आणि उथळ जलाशयातल्या वादळी फुगवट्यावरचं पुढचं बरंच अभियांत्रिकी ज्ञान या एका सरोवराच्या नोंदींवर उभं आहे. प्रकरण अभ्यासात सहसा ‘असं नसतं तर’ हे सिद्ध करता येत नाही. इथे एकाच सरोवरावर, एकाच वाटेने, २१ वर्षांच्या अंतराने दोन वादळं आली आणि मधे बदललेली मुख्य गोष्ट बांध होती.

नव्या बांधाने जुना प्रश्न सोडवला आणि एक वेगळा आणला. वाळू-शिंपल्याचा बांध पाणी झिरपू देतो. पातळी बराच काळ चढती राहिली की पाणी बांधाच्या पोटातून पलीकडे निघतं, आणि निघताना बारीक वाळू बरोबर आणतं. सुरुवातीला पायथ्याशी वाळूचे लहान उमाळे दिसतात. पाणी स्वच्छ असेल तर ते फक्त झिरपणं. गढूळ असेल तर आत नळी पोखरली जात आहे. ही नळी पलीकडच्या तोंडापासून सरोवराकडे मागे मागे वाढत जाते, आणि सरोवराला भिडली की वरून एक थेंबही न सांडता बांध बसतो. १९९५ साली सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून १८ फुटांच्या पुढे गेली तेव्हा असे उमाळे अनेक ठिकाणी आले. जिथे बांधातून जुने नळमार्ग गेले होते तिथे धोका सर्वांत जास्त, कारण पाइपाच्या बाहेरच्या अंगाने पाण्याला तयार वाट मिळते.

२००७ पासून दुरुस्ती सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुरी झाली. बांधाच्या माथ्यावरून खाली खोल चर मारून, सिमेंट आणि बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं मिश्रण भरून ५६ मैल लांबीची कटऑफ भिंत घातली. झिरपणारं पाणी अडवण्यापेक्षा त्याची वाट लांब आणि खोल करणं हे तिचं काम. २८ नियंत्रण दारं नव्याने बांधली, ४ काढून टाकली. खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर.

तरी पातळीचा जुना वाद संपलेला नाही. मोठ्या पावसानंतर सरोवरात येणारं पाणी बाहेर काढता येण्याजोग्या पाण्याच्या कित्येक पट असतं, त्यामुळे वादळाचा हंगाम येण्याआधी जागा रिकामी ठेवावी लागते. रिकामी करायची तर ते पाणी पूर्वेला सेंट ल्यूसी आणि पश्चिमेला कालूसाहॅचीच्या खाड्यांत सोडावं लागतं, आणि तिथे गोड्या पाण्याच्या लोंढ्याने शिंपले मरतात, निळंहिरवं शेवाळ माजतं. २००८ च्या वेळापत्रकात पातळी साधारण १२.५ ते १५.५ फुटांच्या दरम्यान राखायची होती. बांध कमकुवत होता म्हणून ती कमी धरली होती. दुरुस्तीनंतरचं नवं वेळापत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झालं.

दरम्यान बांधाच्या आतली जमीन खाली जातेच आहे. आटवलेल्या मकमध्ये हवा शिरते आणि ती कुजून, वाऱ्यावर उडून संपत जाते. बेल ग्लेडच्या कृषी संशोधन केंद्रात १९२४ साली खालच्या चुनखडीच्या खडकापर्यंत ९ फुटांचा काँक्रीटचा खांब ठोकला होता, त्याचं डोकं जमिनीशी समतल ठेवून. आज तो सहा फुटांहून जास्त उघडा आहे. सरोवराची पातळी तेवढीच ठेवली, बांध तेवढाच उंच ठेवला, तरी बांध फुटलाच तर बेल ग्लेडमध्ये चढणारं पाणी १९२८ च्या तुलनेत तेवढ्याने जास्त खोल असेल. सुटकेचे मार्ग आखताना आणि शाळा-निवाऱ्यांच्या जोत्याची उंची ठरवताना जुन्या नकाशांवरच्या उंचीऐवजी ताजी मोजणी धरावी लागते ती यासाठी.